डोनल गेल्याचं वसुधाबाईंना कुणी सांगितलं नाही

टीव्ही बिघडलाय असं शशिकांतने रविवारी सांगितलं, तेव्हाच वसुधाबाईंना कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. एरवी टीव्ही बिघडला की हा मुलगा आधी त्याच्या मागे डोकं घालून बसायचा, मग कंपनीला फोन लावून भांडायचा. या वेळी त्याने काहीच केलं नाही. "होईल गं आई, बघतो मी," म्हणाला आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला. सून स्वरूपा लख्ख असलेला ओटा पुन्हा पुसत राहिली. आणि रविवार हा तर डोनलचा वार.

डोनल हेनेगन आयरिश टीव्हीवर रानातली पाखरं, जनावरं दाखवायचा. ॲथलोनपासून जवळच तळ्याकाठी त्याचं घर होतं. पिकल्या दाढीचा, डोक्यावर चपटी टोपी, दोन्ही गुडघ्यांना कायम चिखल. झुडपात डोकं घालून तो कुजबुजत बोलायचा. वसुधाबाईंना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण ती कुजबुज मात्र सगळी कळायची. नवरा मुरलीधर गेल्यावर त्यांनी बार्शीत पिठाची गिरणी चालवली होती. पट्ट्याच्या घरघराटात बोलायचं म्हणजे ओरडायचंच, आणि गिऱ्हाईक मागे राहिलं तर दोनदा ओरडायचं. गुडघे गेले, गिरणी विकली, मुलाकडे आयर्लंडला आल्या, तरी आवाज काही खाली आला नाही. स्वरूपा दबक्या आवाजात "आई, हळू" म्हणायची आणि बाई आणखी चढायच्या. अशा बाईला, कोल्ह्याची पिल्लं दचकू नयेत म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेणारा हा बाप्या भारी आवडला. नात ईशाला मांडीवर घेऊन त्या त्याला बघायच्या आणि 'आमचा डोनल' म्हणायच्या.

सोमवारी सकाळी ईशाला शाळेत सोडून त्या रोजच्यासारख्या शेजारच्या नोरीनकडे चहाला गेल्या. नोरीन विधवा, वयाने त्यांच्याच बरोबरीची. दोघींचं बोलणं निम्मं हातवाऱ्यांवर चालायचं आणि त्यात कुणाचं काही अडत नव्हतं. नोरीनचा रेडिओ चालूच असायचा. या भागात रोज सकाळी रेडिओवर मेलेल्यांची नावं वाचतात. कोण गेलं, कुठल्या गावचं, कुणाची आई, कुणाचा नवरा, देह कुठे ठेवलाय, भेटायला कधी यायचं, सगळं अगदी शांतपणे सांगतात. नोरीन ते भाजीचे भाव ऐकावेत तसं कान देऊन ऐकायची. त्या दिवशी नाव आलं डोनल हेनेगन.

वसुधाबाईंचा कप हातातच राहिला. नोरीनने छातीवर क्रूस काढला आणि त्यांच्याकडे बघून चमकली. तुला माहीत नव्हतं? शनिवारी तळ्याकाठी शूटिंग करताना हृदय बंद पडलं. काल दिवसभर टीव्हीवर तेच होतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि आपल्याला नव्हतं. तळपायाची आग मस्तकात घेऊन बाई घरी आल्या. टीव्हीमागे हात घातला तर वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली. स्वरूपा त्या दिवशी घरूनच काम करत होती.

"ही वायर कुणी काढली?"

"आई, तुम्हाला त्रास होईल म्हणून... तुमचं बीपी आधीच..."

"त्या डोनलसाठी वायर काढली?"

स्वरूपाने नजर लॅपटॉपकडे वळवली. गिरणीवाल्या बाईला जात्यात खडा आला की आवाजावरून कळतं. टीव्हीतला माणूस मेला म्हणून कुणी वायर उपटत नाही. हळहळतात, चहा करतात आणि कामाला लागतात. या घरात मरणाचा विषयच निघू नये अशी कुणाला तरी धास्ती होती.

"खरं सांग. आपल्यातलं कोण गेलं?"

स्वरूपाने खुर्ची धरली आणि रडायलाच लागली. "अक्का," म्हणाली. "दिवाळीच्या आधी."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर वसुधाबाईंची वेणी घालणारी. मुरलीधर गेला तेव्हा, "रडणं मागाहून कर, आधी गिरणी उघड," असं दम देऊन सांगणारी आणि स्वतः पदर खोचून पायली मोजायला उभी राहणारी. आणि दिवाळीपासून दर रविवारी अक्काचा मुलगा दिलीप फोनवर सांगत होता, "मावशी, आईचा घसा बसलाय, बोलवेना." आणि या ओरडून ओरडून काढा सांगत होत्या. ज्येष्ठमध घाल, मिरी घाल, गार पाणी देऊ नकोस. सगळे ऐकत होते. शशिकांत तर फोन हातात धरून शेजारी बसायचा.

"मेलेल्या बाईला मी काढा सांगत होते," वसुधाबाई म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. रडू येण्याइतकी जागाच रागाने ठेवली नव्हती.

शशिकांत दुपारीच घरी आला. स्वरूपाने फोन केला असणार. बुटांची नाडीसुद्धा न सोडता तो समजूत घालायला लागला. "आई, तुझ्या काळजीपोटीच केलं गं. एवढा प्रवास, त्यात तुझी तब्येत. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. प्रॉपर वेळ बघून सांगणारच होतो."

"सगळ्यांनी म्हणजे कुणी? मी होते का त्यात?"

"तुला कळलं असतं तर तू निघालीच असतीस."

"मग? निघायचंच असतं की रे. बहीण मेल्यावर माणूस निघतं."

"इथे तेव्हाच स्वरूपाचं नवीन प्रोजेक्ट सुरू झालं होतं, ईशाची शाळा..." तो बोलून गेला आणि थांबला.

"हां. आता खरं बोललास," वसुधाबाई म्हणाल्या. "लेकरू आणायला माणूस पाहिजे होतं. तेवढं म्हण. माझं बीपी कशाला मधे घालायलास?"

शशिकांत काही वाईट मुलगा नव्हे. आईला थंडी वाजू नये म्हणून गरम पाण्याची पिशवी भरून देणारा मुलगा आहे. पण वाईट नसलेली माणसं एकदा भल्यासाठी म्हणून खोटं बोलायला बसली की त्यांना लाजही वाटत नाही, आणि वर आभाराची अपेक्षा असते.

संध्याकाळी नोरीनने बेल वाजवली. डोनलला शेवटचं भेटायला ती निघाली होती, येतेस का? वसुधाबाईंनी शाल घेतली. "आई, तुला तिथलं कळणार नाही, मी येतो," म्हणत शशिकांत मागोमाग आला. त्यांनी ये म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. बसल्या मात्र नोरीनच्या गाडीत.

देह ठेवला होता तिथे बाहेर पावसात लांबलचक रांग होती. शेतकरी, शाळेची पोरं, नर्सा. कुणी नात्याचं नव्हतं आणि कुणी त्यांना परकंही मानत नव्हतं. आत पेटीत डोनल झोपला होता, टोपी छातीवर. बाजूला घरची माणसं ओळीने बसलेली, आणि प्रत्येक येणारा प्रत्येकाचा हात हातात घेत होता. वसुधाबाईंनी डोनलला नमस्कार केला. पुढे त्याच्या बायकोपाशी आल्या. तिने हात पुढे केला, आणि दिवसभर कोरडी राहिलेली बाई तो हात धरून हुंदके द्यायला लागली.

"माझी अक्का गेली गं," त्या मराठीतच म्हणाल्या. "मला कुणी सांगितलं नाही."

डोनलच्या बायकोने हात सोडला नाही. शशिकांतकडे बघून तिने हळूच विचारलं, काय म्हणताहेत?

"सॉरी," तो घाईने म्हणाला, "शी इज जस्ट अपसेट."

"अपसेट नाही," वसुधाबाई म्हणाल्या. तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. "मी म्हणाले ते सांग. जसंच्या तसं सांग."

मागे रांग थांबली होती. शशिकांतने मान खाली घालून सांगितलं, हिची बहीण वारली. कधी, असं तिने विचारलं. त्याने तेही सांगितलं. अंत्ययात्रेला जाता आलं का हिला? नाही. अरेरे, का बरं?

शशिकांतने आईकडे पाहिलं. आईने नजर हटवली नाही.

"आम्ही तिला कळवलंच नाही," तो म्हणाला.

डोनलची बायको क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने शेजारी बसलेल्या आपल्या दिराला उठवलं आणि वसुधाबाईंना हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं. रांग पुन्हा सरकू लागली. लोक येत होते, आधी डोनलच्या बायकोचा हात हातात घेत होते, मग वसुधाबाईंचा. शशिकांत भिंतीशी उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.