सोळा वेळा नाव

"झोपलेल्याला उठवायचं तर हाक सगळ्या घरात गेली तरी चालते आक्का, नाव मात्र त्याचंच असावं लागतं."

इसाकभाईंनी हे सांगितलं तेव्हा ते कुसाबाईंच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये फरशीवर मांडी घालून बसले होते आणि स्क्रू ओठांत धरल्यामुळे शब्द जरा चावल्यासारखे येत होते. कुसाबाईंना हा माणूस त्या दिवसापासून आवडला. तो बोलताना माणसाकडे बघत नसे, यंत्राकडे बघे. पण ऐकत असे माणसाचंच.

इसाकभाई मूळचे मनमाडचे. तीस वर्षं रेल्वेच्या टेलिफोनच्या तारा जोडल्या आणि निवृत्तीनंतर वडाळा नाक्याजवळ लेकीकडे राहायला आले. हात गप्प बसेनात, म्हणून ओळखीच्या घरचे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. कुसाबाईंची सून हर्षाली अंबडच्या कारखान्यांसाठी साच्यांची ड्रॉइंग करायची. तिची आई गोजराबाई कळवणला एकटी, त्यामुळे हर्षालीचं निम्मं आयुष्य एस.टी.त. म्हणून इसाकभाईंनी ही व्यवस्था बसवून दिली होती. माळ्यावर इंटरनेटच्या डब्याशेजारी साठवणुकीचा एक काळा डबा. सुनेची सगळी ड्रॉइंग त्यात. तो रात्रंदिवस जागा. खालचा मोठा कॉम्प्युटर मात्र झोपलेला. कळवणहून हर्षालीनं फोनवर बोट टेकवलं की डबा घरातल्या तारांमधून त्या कॉम्प्युटरचा नंबर पुकारी, एका दमात सोळा वेळा. कॉम्प्युटर उठे आणि ती तिकडून त्यावर काम करी.

"सोळा वेळा?" कुसाबाईंनी विचारलं होतं.

"पहिल्या हाकेला कोण उठतं आक्का? आमच्या जावयाला तर सतरावी लागते."

जाताना त्यांनी एकच बजावलं. कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. झोपलेल्याचाही श्वास चालू असतो.

कुसाबाईंनी मान हलवली होती. पण मान वेगळी आणि हात वेगळा. त्यांचा संसार इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये झालेला. तिथं चार महिने भिंती पाझरायच्या, बोर्डाला बोट लावलं की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या आणि एकदा शेजारच्या घरातली गादी बटणाखालीच पेटली होती. घराबाहेर पडताना हात पोचेल ते एकेक बटण खाली करायचं, हे त्यांच्या हातानं तेव्हा शिकून घेतलं. मग तो हात कोणाचं ऐकेना.

त्या मंगळवारीही तसंच झालं. हर्षाली कळवणला, गोजराबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. कुसाबाई गिरणीतून दळण घेऊन पावणेदोनला परतल्या तर फोन वाजत होता.

"आई, कॉम्प्युटर उठत नाहीये. तुम्ही भिंतीवरचं बटण बंद केलंत का?"

"नाय गं. मी कशाला?"

बोलता बोलता त्यांनी ते बटण वर केलं. आवाज होऊ नये म्हणून पदर धरून. खोटं इतक्या सहज निघालं की त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना.

हर्षाली घाईघाईनं सांगू लागली. नोकरी सोडल्यावरचं हे तिचं पहिलं स्वतःचं काम. आठ मिलिमीटरच्या स्क्रूच्या आट्यांसाठी भोक सहा पूर्णांक आठ मिलिमीटरचं हवं, तिनं साडेआठचं दाखवलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसल्याबसल्या ते तिच्या ध्यानात आलं. तीन वाजता कारखान्यात पोलाद मशीनवर चढणार. मोठं झालेलं भोक लहान होत नाही. थांबा म्हणावं तर मशीन तेवढ्याच वेळेला मोकळं. आणि पहिल्याच कामात थांबा म्हणणाऱ्या बाईला दुसरं काम कोण देतो? ड्रॉइंग डब्यात होतं, पण त्यातली रेष बदलायची तर कॉम्प्युटरच हवा होता.

"पुढचं गोल बटण दाबा, आई."

कुसाबाईंनी दाबलं. पडदा काळा झाला, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि तिथंच थिजली. आपण काहीतरी मारून टाकलं, असं त्यांना वाटलं. त्यांचा फोन साधा, इंग्रजी अक्षरं वाचता येईनात, दाखवायची कशी? "इसाकचाचांना पाठवते," म्हणून हर्षालीनं फोन ठेवला.

इसाकभाई वीस मिनिटांत आले. स्कूटरवरून, हेल्मेट हातात. कुसाबाई दारातच उभ्या. काय विचारतील त्याची उत्तरं त्यांनी जुळवून ठेवली होती. लाईट गेली असेल. मांजर असेल.

"काय दिसलं आक्का?"

एवढंच. काय केलंत, कोणी केलं, हे त्यांनी विचारलंच नाही. कुसाबाईंची जुळवलेली उत्तरं तोंडातच राहिली.

"काळं झालं. पांढरी अक्षरं आली."

त्यांनी पडद्यावरची तारीख पाहिली. कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे जाऊन बसला होता. त्यांनी एक कळ दाबली आणि तो सुरू झाला. फोन लावून म्हणाले, "ये बेटा, आत ये." मग हात मागे घेऊन बाजूला उभे राहिले. पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला. कळवणच्या बाकावरून सुनेनं भोक शोधलं, आकडा खोडला, नवा घातला. दोन पन्नासला कारखान्यातून निरोप आला की नवं ड्रॉइंग मिळालं.

दुसरा कोणी असता तर चहा घेऊन गेला असता. इसाकभाईंनी कॉम्प्युटर बंद करून उघडला, आतून नाण्याएवढा सेल काढला आणि खिशातला नवा बसवला. पुन्हा सुरू करून पडद्यावर काहीबाही बदललं, मग त्याला झोपवलं. फोनवर म्हणाले, "आता हाक मार."

कुसाबाई बघत राहिल्या. खोलीत कोणी हललं नाही. पंखा फिरत होता. आणि मग त्या पेटीत एक निळा ठिपका उजळला, आत वारा सुटल्यासारखा आवाज झाला, पडदा जागा झाला. सत्तर किलोमीटरवरच्या पोरीनं घरातल्या वस्तूला उठवलं होतं.

"काय झालं होतं चाचा?" फोन स्पीकरवर होता.

"आतला सेल मेला होता. वीज तुटली की सगळं विसरायचा, हाक ओळखायचंही. सेल मी तेव्हाच बदलायला पाहिजे होता. चूक माझी."

"पण वीज तुटली कशी? आई तर म्हणाल्या..."

इसाकभाई पेटीचा शेवटचा स्क्रू पिळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

कुसाबाईंना कळलं की हा माणूस आता एक शब्दही बोलणार नाही, त्यांच्या बाजूनं नाही आणि विरुद्धही नाही. खोटं तसंच राहिलं असतं, कोणाच्याही आड न येता. उद्या सून पुन्हा निर्धास्त कळवणला गेली असती आणि त्यांचा हात पुन्हा भिंतीकडे.

"हर्षाली," त्या फोनजवळ वाकल्या, "बटण मीच बंद केलं व्हतं. रोजच करते. तुला नाय म्हणाले ते भ्यायले म्हणून. लय वाईट केलं."

पलीकडे दवाखान्यातली कसलीशी घंटी वाजली. कोणीतरी नर्सला हाक मारली.

"आई," हर्षाली म्हणाली, "दळण आणलंत का तुम्ही एवढ्या उन्हात?"

"व्हय गं," कुसाबाई म्हणाल्या.

इसाकभाईंनी पिशवीची चेन ओढली, हेल्मेट काखेत मारलं, दाराशी चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून गेले.