जुन्या एसीची चौकट

आमच्या आत्याकडे कुणाचं स्वागत ‘या, बसा’ म्हणून होत नाही. ‘दार!’ एवढंच होतं. म्हणजे आलात, उत्तम. आता पाठीमागचं दार लोटा, गारवा बाहेर पळतोय.

आत्या केक करते. भाजायचं काम स्वयंपाकघरात, आणि क्रीमचं, फुलांचं, नक्षीचं काम मागच्या खोलीत. घरातला एकमेव एसी त्या खोलीत, कारण गारवा माणसांसाठी नाही, क्रीमसाठी आहे. हा नियम आत्यानं केला आणि कुणीही पाळला नाही. ऊन तापलं की दुपारी सगळं घर त्या खोलीत. आजी, म्हणजे आत्याच्या सासूबाई, कोपऱ्यातल्या खुर्चीत. काका सकाळच्या फेरीची शाळेची बस लावून येतात ते थेट तिथल्या सतरंजीवर. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर वर्तमानपत्र ‘परत करायला’ येतात आणि तेच पुन्हा वाचत बसतात. मीही सुट्टी असली की तिथेच पडीक.

“एक दिवस,” आत्या म्हणायची, “एकच दिवस मला ही खोली एकटीला मिळू दे. बघा काय काम करते ते!”

“आम्ही काय तुझा हात धरलाय?” आजी.

“हात नाही, हवा. सगळी तुम्हीच खाता.”

एसी जुना, भिंतीत चौकोनी भोक पाडून बसवलेला. तोंड खोलीत, पाठ मागच्या गॅलरीत. त्याला घरात म्हातारा म्हणत. सुरू करताना उजव्या गालावर थाप मारावी लागायची आणि जाळीत पुठ्ठ्याची घडी कोंबावी लागायची, नाहीतर भांड्यांचा ढीग कोसळावा तसा खडखडाट. “म्हातारा आज फार खोकतोय,” काका म्हणाले की पोस्टमास्तर वर्तमानपत्रामागून विचारायचे, “कोण, मी?”

या म्हाताऱ्याच्या भरवशावर आत्यानं लग्नाच्या केकला कधी हात घातला नव्हता. वाढदिवसाचे लहान केक निभायचे. तीन मजली केक, त्याला वरपासून खालपर्यंत क्रीमचे गुलाब, हे तिचं स्वप्न. ऑर्डर आली की ती ‘जमायचं नाही’ म्हणायची आणि मग दिवसभर भांडी जोरात घासायची. शेवटी गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मुलीच्या लग्नासाठी विचारलं, तेव्हा आत्याच्या तोंडून ‘हो’ निसटलं. त्याच संध्याकाळी म्हाताऱ्यातून जळका वास आला. मग मात्र ‘अजून चालतोय की’ म्हणणाऱ्या काकांनीही मान डोलावली. नवा एसी घ्यायचं ठरलं.

मी शीतगृहांची आखणी करण्याच्या कामात नुकताच लागलेला, तेव्हा अंगात भलता उत्साह. फिटर खोली बघायला आला त्याच्याही आधी मी टेप घेऊन हजर. मापं झाली, ऊन कुठल्या भिंतीवर येतं ते बघून झालं. फिटरनं विचारलं, “खोलीत माणसं किती असतात?”

“मी एकटी,” आत्या म्हणाली.

आजी खोकली. आत्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. “नवा एसी आला की मी एकटीच.”

त्या हिशेबानं लहान यंत्र पुरेसं होतं. तेच आलं, लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी. फिटरनं आणि मी म्हाताऱ्याला धरून भिंतीतून ओढलं, तेव्हा लाकडी चौकट, वर्षानुवर्षांची धूळ आणि काकांच्या चष्म्याची एक हरवलेली काडी मागे राहिली. काकांनी म्हाताऱ्याला भंगारात द्यायला साफ नकार दिला. “असू दे गॅलरीत. इतकी वर्षं थापा खाल्ल्यात बिचाऱ्यानं.” नवं यंत्र समोरच्या भिंतीवर उंच बसलं, त्याचा बाहेरचा पंखा वर गच्चीवर गेला. रिकाम्या चौकटीवर फिटरनं एक सरकती फळी अडकवली. “गवंडी परवा येऊन बुजवेल. तोवर चालवून घ्या.”

एसी सुरू झाला. आवाज नाहीच. आजीनं दोनदा विचारलं, “लागला का?” मग पायांना गार लागलं तसे तिनं ते खुर्चीवर वर घेतले.

“चला,” आत्यानं दार उघडलं, “निघा सगळे.”

आम्ही पुढच्या खोलीत घाम पुसत बसलो. आत तीन मजल्यांचा पांढरा केक आणि आत्या. तिला हवं होतं तसं, एकटी. जरा वेळानं दार किलकिलं झालं आणि तिचं तोंड दिसलं. रडवेलं नव्हतं, पण त्या वाटेवर होतं.

“काय झालं?” काका उठले.

“मला गुलाब कळेनात,” ती म्हणाली.

आता हे समजायला आत्याची कामाची रीत सांगायला हवी. ती गुलाब करते तो खिळ्यासारख्या दांडीच्या टोकावर, आणि झाला की मान वर न करता दांडी बाजूला धरते. आजी म्हणते, “पाकळी जाड.” पोस्टमास्तर एक डोळा मिटून सांगतात, “डावीकडे कललंय,” कारण जन्मभर वाकडी तिकिटं बघितलेली नजर. काका प्रत्येक वेळी ‘छान’ म्हणतात, म्हणून त्यांच्या ‘छान’ला किंमत नाही, मात्र ते ‘छान’ जरा उशिरा आलं, तर आत्या तो गुलाब मोडून टाकते. त्या दुपारी ती दांडी हवेत धरत होती आणि उत्तर येत नव्हतं.

“या आत,” ती म्हणाली. “दार!”

आम्ही गेलो. पुन्हा ‘जाड’, ‘कललंय’, ‘छान’ सुरू झालं, आत्याचा हात भराभर चालू लागला आणि बघता बघता मधल्या मजल्यावरच्या एका गुलाबानं मान टाकली. मग शेजारच्यानं.

“वितळतंय!” आत्या किंचाळली. “नवाकोरा एसी आणि वितळतंय?”

मला बोलायची संधीच मिळाली. “लहान यंत्र आहे, आत्या. एकट्या माणसासाठी. नुसता बसलेला माणूससुद्धा शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडतो.”

आजीनं काकांकडे बघितलं. “ऐकलंस? जन्मात एवढे तरी दिवे लावलेस म्हणायचे!”

“हसताय काय? बाहेर व्हा सगळे दिवे!” आत्यानं आम्हाला पिटाळलं. उद्या दुपारी नर्सबाई केक न्यायला येणार होत्या. आम्ही आत बसलो तर क्रीम टिकणार नाही आणि बाहेर गेलो तर गुलाब होणार नाहीत.

काका मागच्या गॅलरीत गेले आणि म्हाताऱ्यावर जाऊन बसले. पाच मिनिटं झाली तरी परत येईनात, म्हणून मी बघायला गेलो.

“अरे,” ते म्हणाले, “इथं वारा आहे.”

खरंच होता. गॅलरीत दुपारी कधी कुणी पाऊलसुद्धा टाकत नसे, भट्टी असायची. आणि मी, शीतगृहं आखणारा, तिथं उभा राहून कपाळाला हात लावला. गॅलरी उन्हानं तापतच नव्हती, दुपारी तिथं सावली. ती तापवत होता म्हातारा, पाठीतून गरम हवा फेकून. आता ती गच्चीवर जात होती.

मी आजीची खुर्ची आणली. पोस्टमास्तर वर्तमानपत्रासकट आले. गप्पा सुरू झाल्या तोच फळीमागून आवाज आला, “कोण आहे तिकडे?”

“आम्हीच,” आजी म्हणाली. “केलास का गुलाब?”

“केलाय. पाकळी कशी वाटते?”

“फळीतून काय दिसणार, कपाळ? सरकव ती!”

फळी वीतभर सरकली. आतून गार हवेची झुळूक आली, मागोमाग दांडी आणि दांडीवर गुलाब. चार डोकी चौकटीशी जमली.

“जाड,” आजी.

“सरळ आहे,” पोस्टमास्तर.

“छान,” काका. लगेच.

दांडी आत गेली, फळी बंद. पुन्हा उघडली. पुन्हा गुलाब. संध्याकाळ होईपर्यंत हेच चाललं आणि मधेच आत्या आत चक्क गुणगुणायला लागली. आजी म्हणाली, “सून खुशीत आहे, आता पाकळी पातळ येईल.” आली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. तिन्ही मजल्यांवरून त्यांनी नजर फिरवली, एका गुलाबाजवळ वाकल्या आणि हळूच फुंकर मारून बघितली, पाकळी हलते का म्हणून. “खरीच वाटली हो!” त्या म्हणाल्या आणि स्वतःशीच लाजल्या. काकांनी केक बसच्या मधल्या जागेत ठेवला आणि सगळ्या गावाचे शिव्याशाप खात, पाहुण्या म्हातारीला न्यावं तशी हळूहळू बस चालवली. एकही गुलाब कलला नाही.

ठरल्याप्रमाणे गवंडी विटा घेऊन आला.

“विटा परत घेऊन जा, दादा,” आत्या म्हणाली. “इथं सरकती काच बसवायची. आणि बाहेरून एक लांब बाक.”

आता दुपारी सगळं घर गॅलरीत असतं. काच बंद असली की बाहेरचं आत ऐकू येत नाही, पण काकांचे ओठ ‘छान’ म्हणाले की नाही ते आत्याला कळतं. परवा मी बऱ्याच दिवसांनी गेलो. आत्या दिसली, म्हणून आनंदानं काच सरकवून आत डोकं घातलं. तिनं मान वर केली नाही.

“काच!” ती म्हणाली.