पाठीला लागलेला श्वास

आक्का गेल्याचं मला कणकवलीच्या बाजारात कळलं. गावचा एक शेजारी एसटीतून उतरला, मला बघून घुटमळला आणि म्हणाला, "तुझी आत्या गेली गो. बसल्या बसल्याच." बसल्या बसल्या नाही तर काय! नानाकाका गेल्यापासून ती आडवी झालीच कुठे होती...

नानाकाका तिचे धाकटे भाऊ. मुंबईच्या गिरणीत छाती कामातून घालवून ते बोटीने मालवणला उतरले आणि कट्टा गावाजवळच्या आमच्या घरी आले, ते परत गेलेच नाहीत. आडवे झाले की घुसमटायचे. डॉक्टर म्हणाले, उशांना टेकवून बसवा. उशा सरकायच्या, काका कलंडायचे. मग आक्कानेच त्यांच्या पाठीला पाठ लावली. तशीच पाय पसरून ती तांदूळ निवडायची, भाजी चिरायची, शेजारणींशी भांडायचीसुद्धा! काकांना पेज भरवायला मी समोर बसायचे, पण घास कधी घालायचा ते तिकडे तोंड करून बसलेली आक्का सांगायची. "थांब... आता घाल." श्वास तिला पाठीत कळायचा. धाप वाढली की खेकसायची, "मेल्या, हळू सोड! खंय पळता तुझो श्वास?" आणि काकांची धाप खरंच उतरायची.

माझं लग्न झालं, पहिली मुलगी झाली. तिला घेऊन माहेरी आले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी पेज घेऊन गेले तर काकांचा जबडा खाली आलेला, उघड्या डोळ्यावर माशी. "आत्ये, काका गेले गो!"

आक्का तांदूळ निवडत होती. "खंय गेलो? चलता मां श्वास. पाठीक लागता माझ्या."

शेजारीपाजारी जमले. सगळ्यांनी समजावलं, पण ती हलेना. "मी उठलंय आणि तो जितो आसलो तर?" एवढंच तिचं म्हणणं. तिला दरदरून घाम फुटला होता. मला तिची दया आली. म्हटलं, "तू ऊठ. मी लावते पाठ." ती इंच इंच सरकली आणि काकांचा सगळा भार माझ्यावर आला. चोळीतून थंडगार लागला. आणि मग... माझ्या पाठीवर काहीतरी हळूच फुगलं. ओसरलं. पुन्हा फुगलं.

"लागता?" आक्काने माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलं.

"लागता," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू?

दिवेलागणीपर्यंत मी तशीच बसले. अंगणात लोक ताटकळले, पोरगी खुळावली म्हणाले. श्वास बारीक होत होत थांबला तेव्हा मी सांगितलं आणि मगच आक्काने हंबरडा फोडला.

त्यानंतर ती त्याच जागी बसायची, भिंतीपासून हातभर पुढे. गेल्या दिवाळीत मी म्हटलं, "आत्ये, जरा टेक ना भिंतीला."

"जागा खंय आसा?" ती म्हणाली. मी हसले. ती हसली नाही. "मी गेलंय काय तू येशीत मां? तेका एकटो टाकू नको गो."

येईन म्हटलं. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय सांगणार?

मी पोचले तेव्हा तिला नेलं होतं. जमीन सारवून पणती ठेवलेली. दिलेला शब्द म्हणून मी घटकाभर तिच्या जागी बसले, भिंतीपासून हातभर पुढे.

त्याला आता तीन आठवडे होतील. बारावं-तेरावं झालं, माणसं पांगली. घरून निरोपावर निरोप येताहेत, आणि हे मी लिहितेय ते तिथेच बसून. आज भार थोडा वाढलाय. एका माणसाचा वाटत नाही.

उद्या थोरली मुलगी मला न्यायला येतेय. अंगापिंडाने भरलेली, मायाळू पोर. मला अशी बसलेली बघून म्हणेल, "आई, तू ऊठ, मी बसते."