आडवी कापलेली पट्टी

आता हसू नका, पण प्लास्टिकवर पाच वर्षं संशोधन करून त्याच प्लास्टिकनं मी सख्ख्या काकाला बुडवायला निघालो होतो!

२००३ सालची गोष्ट. पुण्यात माझा प्रबंध संपत आला होता. विषय? एक खास प्लास्टिक. वितळवून साच्यात जोरात सोडलं की त्याचे लांबट रेणू, नदीत ओंडके वाहावेत तसे, एकाच दिशेला लागतात. त्या दिशेनं हत्ती लटकवा, तुटणार नाही. आडवा जोर लावा, पापड! एवढंच सांगायला मी दोनशे पानं खर्च केली होती.

दिवाळीत तारकर्लीला घरी गेलो. आबाकाकाच्या होडीचं सुकाणू धरणारी लोखंडी पट्टी खाऱ्या पाण्यानं सडली होती. मी छाती फुगवली.

"काका, माझ्याकडे प्लास्टिकचो तुकडो आसा. जन्मात गंजाचो नाय!"

करवतीनं झकास पट्टी कापली. काकानं ती उन्हात धरून बोट फिरवलं. "रे बाबू, हेचे रेसे खंयच्या बाजूक आसत?"

मी चक्क हसलो हो! "ह्या काय माडाचा लाकूड आसा? प्लास्टिकाक कसले रेसे?"

दोनशे पानं लिहिलेला माणूस! काकानं पट्टी बसवली.

तिसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी मोठी लाट आली आणि पट्टी कट्‌कन मोडली. सुकाणू गेलं, होडी खडकावर आदळली. शेजारच्या होडीवाल्यांनी काकाला ओढून काढलं, पण उजवा हात मोडला. ऐन मोसमात होडी माडाखाली पडून!

उरलेला तुकडा पाहिला. बांबू चिरावा तसा सरळ फाटलेला. मी पट्टी रेणूंच्या दिशेला आडवी कापली होती.

काकाच्या खाटेशी बसलो. "चुकलंय रे काका."

"माका दिसलेले रेसे."

"मगे बोललंस कित्या नाय?"

"इतको शिकलेलो तू. तुका मी काय सांगू?"

दोन शिव्या घातल्या असत्या ना, तर बरं वाटलं असतं.

पुढं मला पदवी मिळाली. काका न जुळलेला हात अजून गळ्यात अडकवून सगळ्या किनाऱ्यावर सांगत सुटला, "आमचो बाबू डॉक्टर झालो!"

मासे विकणाऱ्या एका म्हातारीनं कौतुकानं विचारलं, "होय? मगे तुझो हात तेनाच बसवल्यान काय?"

"नाय गो," काका म्हणाला, "तेना मोडल्यान!"