तांदळात लिहिलेलं नाव आणि अठराशे बाराचं युद्ध

माझी मुलगी अमेरिकेची नागरिक व्हायला निघाली तेव्हा तिची तयारी करून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. घाटकोपरच्या एका शाळेत मी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला, त्यामुळे घरात दुसरा उमेदवारच नव्हता. सकाळी इथे भांडुपला आमचा चहा चालू असायचा तेव्हा तिची तिकडे रात्रीची जेवणं उरकलेली असायची. ती ओट्याला टेकून उभी राहायची, मी चष्मा लावून मोबाईलच्या पडद्यावर प्रश्न विचारायचो, आणि बायको माझ्या खांद्यामागून डोकावत मुलगी वाळली की काय ते बघायची.

प्रश्न अगदीच सोपे होते. झेंड्यावर किती पट्टे, राजधानी कोणती, असले. एके सकाळी प्रश्न आला, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने लढलेलं एखादं युद्ध सांगा.

"अठराशे बाराचं युद्ध," ती म्हणाली.

"कुणाशी?"

"ब्रिटिशांशी. पुढचा विचार ना, बाबा."

"आधी कारणे सांग. मग परिणाम."

"अरे बाबा, तिथे कारणं नाही विचारत. युद्धाचं नाव सांगितलं की फुल मार्क्स. चल, पुढे."

नुसत्या नावाला मार्क! माझ्या वर्गात असल्या उत्तराला भोपळा मिळाला असता. युद्ध म्हणजे आधी कारणे, मग परिणाम, आणि मुद्द्यांखाली रेघ. पण खरी गोची वेगळी होती. त्या युद्धाची कारणे मलाही येत नव्हती. आमच्या पुस्तकात अमेरिका चहाची खोकी समुद्रात फेकते, स्वतंत्र होते, आणि पुढच्या धड्यात थेट गुलामगिरीवरून आपसात लढायला लागते. मधे हे पुन्हा इंग्रजांशी भांडले होते हे मी कधी शिकवलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मला चैन पडेना. मुलुंडच्या वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी वरच्या फळीवरून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढून दिलं आणि वर म्हणाल्या, "मुलगी तिकडे असते वाटतं?"

पुस्तक घेऊन मी गॅलरीत बसलो. समोर नव्या टॉवरचं काम चालू होतं, मिक्सर घरघरत होता, पण मला काही ऐकू येत नव्हतं. कारण पहिलंच कारण वाचून मी ताठ होऊन बसलो होतो.

त्या वेळी इंग्रजांची फ्रान्सशी जुंपलेली होती आणि आरमाराला माणसं पुरत नव्हती. त्यांचे खलाशी मात्र पळून अमेरिकन जहाजांवर जात, कारण तिथे पगार चांगला आणि मार कमी. त्यातले पुष्कळ जण रीतसर अमेरिकेचे नागरिकही झाले होते. इंग्रज भर समुद्रात अमेरिकन जहाज थांबवायचे, खलाशांना ओळीत उभं करायचे आणि आपला वाटेल तो माणूस उचलून न्यायचे. तो बिचारा नागरिकत्वाचा दाखला पुढे करायचा. इंग्रज अधिकारी म्हणायचा, असले कागद आम्ही मानत नाही. जन्माने आमचा, तो मरेपर्यंत आमचा.

आणखीही कारणे होती. व्यापाराची अडवणूक होती, कॅनडा गिळायची हाव होती, तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनींवर डोळा होता. पण माझं बोट त्या खलाशावरून हलेना. हे भांडण तर आमच्याच घरातलं होतं. आणि गंमत अशी, की पानावर दोन्ही बाजू समोरासमोर उभ्या होत्या आणि मी इंग्रजांच्या बाजूने होतो. वर्षानुवर्षे छाती पुढे काढून स्वातंत्र्यलढा शिकवणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो, बरोबर आहे इंग्रजांचं!

कारण मला मुलगी परकी व्हायला नको होती. तिच्याकडे इथला पासपोर्ट आहे तोवर ती कधीतरी बॅगा घेऊन परत येईल, अशी मी माझी समजूत घालून ठेवली होती. नागरिकत्वाची शपथ घेतली की तो पासपोर्ट परत करावा लागणार होता. खरं सांगायचं तर ती नापास झाली असती तर मी पेढे वाटले असते. परीक्षा घेणाऱ्याने असं मनात आणू नये हे मला कळत होतं, पण येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं, खलाशासकट. आणि शेवटी जरा जोरातच म्हणालो, "जन्माने आमची ती आमचीच. कागद काही का म्हणेना."

ती काही म्हणायच्या आत बोलली ती बायको. ती मालवणकडची, रागावली की मूळ भाषेवर येते.

"मगे लग्नात खंय गेल्लात?" ती म्हणाली. "जावयांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं तिचं, तेव्हा तुम्हीच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्यात. बारशाला तुमच्या बहिणीने कानात कुर्र करून ठेवलेलं नाव गेलं, बापाचं नाव गेलं, आडनाव गेलं. तेव्हा नाही म्हणालात, जन्माने आमची म्हणून?"

"ती रीत आहे," मी म्हणालो.

"शपथ ही त्यांची रीत."

मी पुस्तक पुढे ओढलं आणि परिणाम वाचायला घेतले. ते तर कारणांहून अजब निघाले. दोन-अडीच वर्षं लढले. एकमेकांची गावं जाळली, इंग्रजांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचं घरसुद्धा पेटवलं. मग युरोपात बसून तह केला आणि ज्याचा जो मुलूख होता तो त्याला परत. बातमी जहाजाने पोचेपर्यंत मधल्या मधे एक मोठी लढाई झाली आणि माणसं फुकट मेली. मूळ रहिवाशांना दिलेला शब्द कुणी पाळला नाही, सगळ्यांत जास्त गमावलं त्यांनीच. आणि ज्या खलाशांवरून एवढं पेटलं, त्यांच्याबद्दल तहात अवाक्षर नाही! फ्रान्सशी लढाई थांबली, माणसं पुरायला लागली, तेव्हा खलाशी उचलणं आपोआप थांबलं. माणूस जन्माने कुणाचा आणि मनाने कुणाचा, हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. ते दाखले खिशात घेऊन फिरणाऱ्यांना कुणी काही विचारलं होतं का, ते मी पुस्तकभर शोधलं. सापडलं नाही.

मुलगी पास झाली. त्यांनी तिला युद्धाचा प्रश्न विचारलाच नाही.

शपथेच्या दिवशी तिने तिकडे दुपार होता होता फोन केला, इथे आम्ही झोपायला निघालो होतो. हातात एक छोटा कागदी झेंडा होता. मी तोंड शक्य तितकं सरळ ठेवून अभिनंदन म्हणालो.

"बाबा, ऐक ना. शपथ घेताना नाव बदलून हवं का, विचारतात. आधी अर्जात सांगायचं, मग जज तिथेच मंजूर करतो."

"आता आणखी काय बदललंस?" मी विचारलं.

"बदललं नाही. परत घेतलं. कुर्र करून ठेवलेलं. पुढे तुझं नाव, मग आपलं आडनाव. पूर्ण, बारशाचं. जावई तुझे म्हणाले, घे की, मी घरात त्याच नावाने हाक मारतो."

ज्या देशाने माझी मुलगी नेली म्हणून मी महिनाभर धुमसत होतो, त्याने ती मला अख्खी परत केली होती, आणि मी आयुष्यात असं काही मागितलंही नव्हतं.

बायकोने माझ्या हातातून मोबाईल घेतला. पदराने डोळे पुसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "माझं पण करून देतात काय गं, तिकडे?"

मुलगी खळखळून हसली. मी हसलो नाही. फोन ठेवून बायको दूध विरजायला आत गेली, तेव्हा मी बाहेरून तिला हाक मारली, तिच्या वडिलांनी ठेवलेल्या, लग्नाआधीच्या नावाने. एकदा मारली, दोनदा मारली. आत भांड्यांचा आवाज थांबला.

"कोण?" तिने विचारलं.