तुपासाठी एक पान

जिंतूरच्या बाजारात विड्याची पानं विकणाऱ्या त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही, पण तिच्याइतकं मला कुणी वैतागवलेलं नाही. लोणी कढवताना सुवासासाठी टाकायला मला फक्त एक पान हवं होतं. ती मात्र ओल्या फडक्यातून एकेक पान काढायची, पदराला पुसायची, हुंगायची आणि परत ठेवून द्यायची.

"बाई, कोणतंही द्या," मी शेवटी चिडून म्हणालो.

"तुपात टाकायचंय ना? मग कोणतंबी कसं चालंल? मागच्या बारीला कुठून नेलतं?"

"टपरीवरून. सगळ्या तुपाला तंबाखूचा वास लागला."

"मग घरी बोलणी खाल्ली असतील."

"बायकोने खाल्ली. आईला वाटलं, तिनेच तूप बिघडवलं."

"आन् तुमी?"

"मी काही बोललो नाही."

पान पुसणारा तिचा हात थांबला. "मग मला काय सांगायलाव, दादा? घरी सांगा की."

मला तिचा राग आला. एक पान विकायचं सोडून हिला माझ्या घरात डोकवायचं काय कारण?

त्या पानाने तूप रवाळ, सुवासिक झालं. वरणभातावर वाढून घेताना आई बायकोला म्हणाली, "आता जमलं बघ तुला."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दोन्ही वेळचं पान कुणी आणलं, हे तिला ठाऊक होतं. मी भात कालवत राहिलो.

हल्ली बाजाराच्या दिवशी मी त्या बाईच्या ओळीने जात नाही.