तिसरा चौकोन

माझ्या हिंगोलीतल्या ऑनलाइन सेंटरवर एक गृहस्थ दर सोमवारी मेल बघायला येतात. चपला बाहेर काढून विचारतात, "पाच मिनिटं हायेत का तुमच्याकडं?" सर्वेवाल्यानं दारात असंच विचारायचं असतं.

एका संशोधन कंपनीत त्यांनी सर्वेच्या कामासाठी अर्ज केला होता. परीक्षा झाली, फोनवर मुलाखत झाली. मग चाचणी म्हणून साखरा गावातल्या वीस घरांचे फॉर्म भरून मागवले. एक म्हातारी पाण्याच्या प्रश्नाला नुसतं "काय सांगू बाप्पा" म्हणत राहिली. यांनी 'सांगता येत नाही' या तिसऱ्या चौकोनात खूण केली. फॉर्म पाठवताना मी म्हणालो, "टाकायचं की काहीतरी." ते चिडलेच. "आपल्या मनानं लिहायचं न्हाई. सर्वे हाय तो!"

त्याला सहा महिने झाले. कंपनी हो म्हणेना, नाही म्हणेना.

परवा मेल आली. भरतीचा अनुभव कसा वाटला, याचा फॉर्म होता. पहिलाच प्रश्न : तुमची निवड झाली का? हो किंवा नाही.

मी हळूच विचारलं, "नाही टाकू?"

"काहून? कुणी सांगितलं का तसं?" ते स्क्रीनवर वाकले. "तिसरा चौकोन कुठं हाय?"

"नाहीच," मी म्हणालो.

"मंग फॉर्म कच्चा हाय. कळवा त्यांना."

मी तसं लिहिलं, खाली त्यांचं नाव टाकलं. नावाखाली उमेदवार लिहावं की सर्वेक्षक, मला कळेना. मनानं लिहायचं नाही, म्हणून जागा कोरी सोडली.